लिहिण्यापूर्वीचा सल्ला

घर उभे राहण्यापूर्वी त्याचा नकाशा जाणत्या माणसाला दाखविला जातो. कादंबरीचा आराखडा मात्र लेखक बहुधा हस्तलिखित पुरे होईपर्यंत मनातच जपतो. वेळीच विचारल्याने काय साधते आणि उशिरा मिळालेल्या अभिप्रायाची किंमत किती मोजावी लागते, याचे दोन दाखले एकोणिसाव्या शतकातील युरोपीय साहित्याच्या इतिहासात सापडतात.

१८४६ च्या उन्हाळ्यात चार्ल्स डिकन्स स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ‘डोम्बी अँड सन’ ही कादंबरी लिहू लागला. ती मासिक भागांतून प्रसिद्ध व्हायची होती. छापलेला भाग वाचकांच्या हाती पडला की तो मागे घेता येत नसे; म्हणून कथेची दिशा आधीच ठरविणे अगत्याचे होते. २५ जुलैच्या पत्रात डिकन्सने लंडनमधील आपला मित्र व समीक्षक जॉन फॉर्स्टर याला पहिल्या चार प्रकरणांसोबत पुढील कथेचा आराखडा कळविला. गर्विष्ठ व्यापारी डोम्बी, त्याच्या आशेचे एकमेव स्थान असलेला मुलगा, त्या मुलाचा अकाली मृत्यू, उपेक्षित कन्या फ्लॉरेन्स आणि अखेरीस पित्याला लाभणारा तिच्याच मायेचा आधार, असा तो होता.

त्यात एक नाजूक जागा होती. वॉल्टर गे हा उमदा तरुण हळूहळू आळस व व्यसने यांच्या आहारी जाऊन वाया जातो, असे दाखविण्याचा डिकन्सचा मानस होता. वाचक रागावणार तर नाहीत ना, असे त्याने स्पष्टच विचारले. अखेर तो बेत बदलावा हे त्याला पटले. वॉल्टर तरला आणि फ्लॉरेन्सचा पती झाला. सोडलेली कल्पनाही फुकट गेली नाही. तीच पुढे ‘ब्लीक हाउस’मधील (१८५२-५३) रिचर्ड कारस्टोनच्या रूपाने अवतरली, असे फॉर्स्टरने डिकन्सच्या चरित्रात नोंदविले आहे.

दुसरा दाखला फ्रान्समधील गुस्ताव्ह फ्लोबेरचा. इजिप्तच्या वाळवंटातील तपस्वी संत अंतोनी यांच्या मोहपरीक्षेवर त्याने सुमारे सव्वा वर्ष खपून एक ग्रंथ रचला आणि सप्टेंबर १८४९ मध्ये लुई बुईये व माक्सिम द्यु कां या मित्रांना तो वाचून दाखविला. द्यु कांच्या आठवणींनुसार हे वाचन चार दिवसांत बत्तीस तास चालले. संपेपर्यंत कोणी बोलायचे नाही, अशी अट होती. शेवटी निकाल मिळाला, तो ग्रंथ जाळून टाकण्याचा! फ्लोबेर खचला. १८५१ मध्ये ‘मादाम बोव्हारी’ हाती घेतल्यावर मात्र तो लिहून होईल तसतसे बुईयेला वाचून दाखवू लागला.

दोन्ही ठिकाणी मित्र स्पष्टवक्तेच होते. फरक पडला तो वेळेचा. आराखड्यातले एक पात्र बदलायला एक पत्र पुरते, लिहून झालेला ग्रंथ बाजूला ठेवायला मात्र काळीज घट्ट करावे लागते. म्हणून लेखणी हाती घेणाऱ्याने आपले लेखन जाणणारा एखादाच विश्वासू वाचक निवडावा. “कसे वाटते?” असे मोघम न विचारता जेथे मन साशंक आहे तीच जागा त्याच्यापुढे ठेवावी. निर्णय अर्थातच लेखकाचा. परंतु तो घेण्यास वाव असतानाच विचारलेले बरे.