शब्दवेध : शक

आपल्या घराघरांत येणाऱ्या लग्नपत्रिकांवर ‘शके’ छापलेले असते. ही ‘शक’ची संस्कृत सप्तमी, अर्थ ‘शकात’. शक हे मध्य आशियातून भारतात आलेल्या लोकांचे नाव. इ. स. ७८ पासूनची गणना त्यांच्या नावाने ओळखली गेली, पुढे तिला शालिवाहनाचे नाव जोडले गेले. मराठीत तर ‘शक’ म्हणजे कोणतीही कालगणना, आणि ती सुरू करणारा तो शककर्ता.

शिवाजी महाराज या अर्थाने शककर्ते. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, म्हणजे ६ जून १६७४ रोजी रायगडावर अभिषेक झाला आणि राज्याभिषेक शक सुरू झाला. दरबारी कागदांत तोवर अरबी महिन्यांचा शुहूर सन रुळलेला होता. आता छत्रपतींच्या पत्रांचा आरंभ स्वतःच्या शकाने होऊ लागला. सातारा आणि कोल्हापूर, दोन्ही गाद्यांनी तो चालवला.

तुलनेसाठी जपान पाहू. तिथे १८६८च्या मेइजी शकापासून एका सम्राटाला एकच शक असतो. सम्राट बदलला की गणना पुन्हा एकपासून. ३० एप्रिल २०१९ला हेइसेई शक संपला, दुसऱ्या दिवशी रेइवा शक लागला. आपला राज्याभिषेक शक मात्र महाराजांच्या निधनानंतरही पुढे मोजला गेला, कारण तो एका राजाच्या आयुष्याचा नव्हता, स्वराज्याचा होता.

जपानी माणूस आजही सरकारी अर्जावर आपला शक लिहितो. आपणही पत्रिकेवर शालिवाहन शकाशेजारी राज्याभिषेक शक जरूर छापावा.