नांगराबरोबर निघालेले मासिक

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातली काळी, भारी जमीन सगळ्यांच्या परिचयाची आहे. इथला जुना शेतकरी दरवर्षी नांगरत नसे. वखराच्या पाळ्या देई आणि कुंदा, हराळी फारच माजली तर काही वर्षांनी एकदा लाकडी नागर बाहेर काढी. त्याला बैलांच्या अनेक जोड्या जुंपाव्या लागत. अशा माणसाला लोखंडी नांगर विकायचा, तर नुसता माल दाखवून भागत नाही. आधी पटवावे लागते. त्यात लोखंडाने जमिनीला विष भिनते, अशी समजूत त्या काळी महाराष्ट्रात पसरलेली होती.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा त्यांच्यापुढे हीच भिंत उभी होती. पुढे १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर, कुंडल रोड स्टेशनाजवळ, किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारखाना वाढला. आता गिऱ्हाईक गावोगाव विखुरलेले. त्यांच्यापर्यंत दरमहा पोचायचे कसे?

याचे उत्तर १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी काढले. ते लक्ष्मणरावांचे पुतणे. पंडित सातवळेकरांकडे चित्रकला शिकलेले आणि कारखान्याच्या जाहिरातीचे काम पाहणारे. त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे मासिक सुरू केले. नावातच सगळे आले: किर्लोस्करांच्या कारखान्याची खबर. अमेरिकेत नांगर बनवणाऱ्या जॉन डीअर कंपनीने १८९५ पासून ‘द फरो’, म्हणजे नांगराचे तास, या नावाचे पत्र चालवले होते. दोन्हीकडे नांगरवालेच, हा योगायोग मला मोठा गमतीचा वाटतो. पण नीट पाहिले तर तो तितकासा योगायोगही नाही. नांगर एकदा विकला की गिऱ्हाईक वर्षानुवर्षे दुकानाची पायरी चढत नाही. फाळ झिजल्यावर त्याला आपलेच नाव आठवावे, शेजाऱ्याने विचारले तर त्याने आपलेच नाव सांगावे, यासाठी ओळख राखावी लागते. छापील पत्र ती ओळख स्वस्तात राखते.

खबरपत्र धंद्याला पैसा मिळवून देते ते असे आडवाटेने. पहिल्या दिवसापासून वर्गणीचा हिशेब मांडून बसणाऱ्याचे पत्र सहसा टिकत नाही. आधी ते जाहिरात-खर्चात जमा असते. वाचक ते मागून घेऊ लागला, घरात जपून ठेवू लागला, की मग वर्गणी येते. वर्गणीदार दिसले की दुसरे कारखानदार जाहिराती देतात. ‘खबर’चे तेच झाले. १९२९ मध्ये नावातली ‘खबर’ गळली आणि नुसते ‘किर्लोस्कर’ राहिले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले. नांगरासाठी सुरू झालेले पत्र स्वतःच एक व्यवसाय झाले.

इथे शंकररावांचे धाडस मानावे लागेल. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध १९३० च्या दशकात ‘किर्लोस्कर’मध्ये येत होते. ते वाचून चिडणाऱ्यांत नांगराचे गिऱ्हाईकही असणारच! शहाणा दुकानदार असल्या भानगडीत पडत नाही. पण दुकानाचे गुणगानच छापले असते तर ते पत्र कोणी पैसे देऊन घेतले नसते, हेही तितकेच खरे.

हा इतिहास मी आज यवतमाळात बसून का सांगतो आहे? २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना आपल्या जिल्ह्यात विषबाधेने विसाच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो दवाखान्यात गेले. त्यामागे कारणे अनेक होती, ती एका वाक्यात मावणार नाहीत. पण काय फवारायचे, किती आणि कशात मिसळून, हे आपल्याकडे बहुतेकांना कळते ते विकणाऱ्याच्याच तोंडून किंवा डब्यावरच्या बारीक अक्षरांतून. माल विकणाऱ्याने माहिती देऊ नये, असे मी म्हणणार नाही. किर्लोस्करांनीही माल विकतच माहिती दिली. फरक इतकाच, की त्यांना तोच वाचक पुढच्या महिन्यात पुन्हा हवा होता. हंगामापुरत्या वाटलेल्या रंगीत पत्रकाला ही गरज नसते.

किर्लोस्करांची ही मासिके १९८० च्या दशकात दुसऱ्यांच्या हाती गेली. ‘स्त्री’च्या संपादक राहिलेल्या विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ हे मासिक सुरू केले. त्याच्या पाठीशी कारखाना नव्हता. वर्गणीदार होते.