काचेचा धागा आणि लाल डोरा : चंदीगडच्या गावांतून भारतनेटचा इतिहास



आज बोलायचं आहे भारतनेटबद्दल, म्हणजे देशातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याच्या योजनेबद्दल. आणि त्यासाठी आपण जाणार आहोत चंदीगडला. तुम्ही म्हणाल, खेड्यांची गोष्ट सांगायला हे आखीव-रेखीव शहर कशाला? कारण साधं आहे. या योजनेने ज्या मोजक्या प्रदेशांतल्या ग्रामपंचायती लवकर जोडून काढल्या, त्यांत केरळ, कर्नाटक आणि पुद्दुचेरीच्या बरोबरीने चंदीगडचं नाव येत असे. आणि त्यानंतर थोड्याच काळात चंदीगडमध्ये एकही ग्रामपंचायत उरली नाही! हे कसं झालं ते समजलं की या योजनेची खरी अडचणही समजते.

आधी गावं पाहू. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेलं आणि भारतातल्या पंजाबला राजधानी उरली नाही. म्हणून शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी नवं शहर वसवायचं ठरलं आणि ल कॉर्बुझिए या वास्तुकाराने त्याचा आराखडा केला. पण ती जमीन काही मोकळी नव्हती. तिथे गावं होती, शेतं होती, आमराया होत्या. अनेक गावं उठवली गेली. 'चंदीगड' हे नावसुद्धा तिथल्या चंडीमंदिरावरून आलेलं. जी गावं उरली, ती कडेकडेने राहिली : धनास, सारंगपूर, कैंबवाला, खुडा लाहोरा, खुडा अलीशेर, दडिया, बहलाना वगैरे. या गावांच्या वस्तीभोवती महसुली नकाशावर जी हद्द असते, तिला तिकडे 'लाल डोरा' म्हणतात. आपण ज्याला गावठाण म्हणतो, साधारण तेच. सेक्टरांचे कडक नियम एका बाजूला आणि लाल डोऱ्यातली दाटीवाटीची घरं दुसऱ्या बाजूला, अशी ही दोन चंदीगडं.

आता दुसरा धागा, काचेचा. यातलं एक मोठं नाव पंजाबचंच आहे. मोगा इथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी. लंडनमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर काम करताना त्यांनी काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा पलीकडे नेता येते हे दाखवलं. तो शोधनिबंध १९५४ चा. पुढे १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी मांडलं की काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाशावरून लांब पल्ल्याचं दळणवळण शक्य आहे. काओंना २००९ मध्ये नोबेल मिळालं. कपानींना मात्र ते मिळालं नाही. भारत सरकारने २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं.

आणि हा धागा भारतात टेलिफोनच्या कामाला पहिल्यांदा कुठे लागला? आपल्या पुण्यात. १९७९ मध्ये शहरातल्या टेलिफोन एक्स्चेंजना जोडणारी देशातली पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा पुण्यात सुरू झाली. पुढे संभाजीनगरजवळच्या वाळूजला असं फायबर बनवणारा कारखानाही उभा राहिला. म्हणजे काच आपल्याकडे होती, ज्ञान होतं. पण १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, ते मोठ्या शहरांपुरतंच. खेड्यात तार टाकणं कोणत्याच कंपनीला परवडत नव्हतं. गिऱ्हाईक थोडं, अंतर मोठं.

यावर उपाय म्हणून टेलिकॉम कंपन्यांच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा घेऊन एक निधी तयार केला गेला. त्याचं तेव्हाचं नाव युनिव्हर्सल सर्व्हिस ऑब्लिगेशन फंड. शहरातल्या ग्राहकाच्या बिलातून खेड्यातल्या सेवेला हातभार, असा त्याचा अर्थ. याच पैशावर ऑक्टोबर २०११ मध्ये मंत्रिमंडळाने नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्कला मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज सुमारे २०,००० कोटी रुपये, लक्ष्य सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती, मुदत दोन वर्षं. २०१२ मध्ये भारत ब्रॉडबँड नेटवर्क लिमिटेड ही सरकारी कंपनी स्थापन झाली. प्रत्यक्ष काम बीएसएनएल, रेलटेल आणि पॉवरग्रिड यांच्याकडे गेलं.

कल्पना कागदावर सुटसुटीत होती. तालुक्याच्या किंवा गटाच्या ठिकाणापर्यंत बीएसएनएलचं फायबर बहुतेक जागी आधीच होतं. तिथून पंचायतीपर्यंतचा तुकडा तेवढा जोडायचा आणि प्रत्येक पंचायतीला १०० एमबीपीएसची सोय द्यायची. अडचणी सुरू झाल्या जमिनीवर. खोदाईची परवानगी प्रत्येक खात्याची वेगळी. जुन्या फायबरची अवस्था अनेक ठिकाणी वाईट. रस्ता रुंद करताना जेसीबीचा दात लागला की तार तुटणार. रचना एकेरी असल्यामुळे मध्ये तुटलं की पुढची सगळी गावं अंधारात. पंचायतीत वीज नाही, म्हणून यंत्र बंद. दोन वर्षांची मुदत कधीच मागे पडली. २०१५ मध्ये योजनेला 'भारतनेट' हे नाव मिळालं आणि पहिल्या एक लाख पंचायतींचा टप्पा पुरा व्हायला २०१७ चा डिसेंबर उजाडला.

चंदीगडला यातली बरीच दुखणी नव्हती. सगळा प्रदेश मिळून ११४ चौरस किलोमीटर. पंचायती जेमतेम डझनभर. एक्स्चेंज हाकेच्या अंतरावर. म्हणून तिथे काम लवकर झालं, यात नवल नाही. आपल्या महाराष्ट्रात पंचायती सुमारे २८ हजार. मेळघाट, गडचिरोली आणि सह्याद्रीचे घाट वेगळेच. तुलना करताना हे विसरायचं नाही.

पण खरा मुद्दा पुढे आहे. पंचायतीच्या कार्यालयात यंत्र बसलं की सरकारी तक्त्यात ते गाव 'जोडलं' गेलं. गावातल्या किती घरांत, शाळेत, दवाखान्यात इंटरनेट चालू आहे, हा वेगळा प्रश्न होता आणि तो बराच काळ मागेच राहिला. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि पुष्कळ गावांनी इंटरनेट पाहिलं ते हातातल्या फोनवर. पंचायतीतल्या कपाटात फायबर येऊन थांबलेलं, त्याची वाट कोणी पाहिली नाही.

हा धडा आपल्याकडे आधीच मिळालेला होता. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडच्या वारणा खोऱ्यात सहकारी संस्था आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र यांनी ७० गावांत संगणक केंद्रं उभारली. शेतीची माहिती, बाजारभाव, सरकारी दाखले असं बरंच काही तिथे मिळायचं होतं. प्रत्यक्षात शेतकरी यायचा तो ऊसतोडीची पाळी, वजन आणि बिल पाहायला. पुढे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी काही गावांत हेच काम संगणकाऐवजी मोबाइलच्या एसएमएसवर करून दाखवलं. म्हणजे साधन बदललं तरी चालतं. माणसाचं रोजचं काम त्यावर चालत असेल तर सेवा टिकते, नाहीतर यंत्रावर धूळ बसते.

आता परत चंदीगडला. २०१८ च्या अखेरीस प्रशासनाने उरलेली १३ गावं महापालिकेत घेतली आणि पंचायती संपल्या. ज्या एककात भारतनेटचं यश मोजलं जात होतं, ते एककच गेलं. पण धनासची गल्ली तिथेच आहे, सारंगपूरचं घरही तिथेच आहे. तिथल्या मुलीला ऑनलाइन फॉर्म भरायचाय, तिथल्या दुकानदाराला पैसे घ्यायचेत. ही गरज काही पंचायतीबरोबर बरखास्त झाली नाही. योजनेचं शेवटचं टोक घर असायला हवं होतं, कार्यालय नव्हे. हे चंदीगडइतकं स्पष्ट कुठेच दिसत नाही.

दिल्लीलाही हे उशिरा का होईना पटलं. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटींचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर झाला. एकेरी तारेऐवजी वलयाकार रचना, म्हणजे एकीकडे तुटलं तर दुसरीकडून सेवा चालू. देखभालीची दीर्घ मुदतीची जबाबदारी. गावातल्याच उद्योजकामार्फत जोडण्या. आणि लक्ष्य म्हणून पाच वर्षांत दीड कोटी ग्रामीण घरांत फायबर. पहिल्या अंदाजाच्या जवळजवळ सातपट पैसा आणि मध्ये गेलेली बारा वर्षं, एवढी या शहाणपणाची किंमत.

तेव्हा मंडळी, तुमचं गाव कोल्हापुरात असो, बेळगावात असो की बैतूलमध्ये, पुढच्या ग्रामसभेत 'आपल्याकडे फायबर आलं का' एवढंच विचारून थांबू नका. किती घरांत आलं, शाळेत चालू आहे का, आणि तुटलं तर किती दिवसांत कोण जोडतं, हेही विचारा. उत्तर कागदावर लिहून मागा. इतिहास वाचायचा तो अशा प्रश्नांसाठीच.