हवापालट : विसाव्याचा एक छोटासा इतिहास



थंडी सुरू झाली की मोबाईलवर जाहिराती येऊ लागतात. इंग्लंडातलं खेडं, समुद्रकाठ, दोन रात्री, मसाज, योग, शांतता. ‘वेलनेस वीकेंड’ असं त्याला नाव. आपल्याकडे याला जुना शब्द आहे : हवापालट. आज केळझरमध्ये आपण या शब्दाचा इतिहास थोडा तपासू. प्रश्न एकच आहे. विसावा म्हणजे नेमकं काय, आणि तो कुणाला मिळतो?

आधी इंग्लंडकडे पाहू. बाथ या गावी गरम पाण्याचे झरे आहेत. रोमन काळापासून लोक तिथे स्नानाला जात. समुद्राकडे मात्र आरोग्यासाठी जाण्याची रीत अठराव्या शतकात रुजली. डॉ. रिचर्ड रसेल यांनी १७५० साली समुद्राच्या पाण्याच्या औषधी उपयोगावर ग्रंथ लिहिला आणि ब्रायटनला रोग्यांची रीघ लागली. राजा तिसरा जॉर्ज मोठ्या आजारातून उठल्यावर १७८९ मध्ये वेमथच्या किनाऱ्यावर जाऊन राहिला. राजा गेला म्हटल्यावर दरबारी गेले, त्यांच्यामागून व्यापारी गेले. म्हणजे बघा, औषधाची हळूहळू प्रतिष्ठा झाली.

हीच सवय इंग्रज साहेब इकडे घेऊन आला. महाबळेश्वर, माथेरान, आपल्या विदर्भातलं चिखलदरा, ही ठिकाणं अशी वसली. आपला वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. उन्हाळा आला की या प्रांताचं सरकार पचमढीला जाई. साहेब वर थंड हवेत. शेतकरी खाली नांगरटीला. हवा दोघांचीही एकच होती, पालटायची मुभा एकालाच होती. पुढे आपल्यातल्या सुखवस्तू लोकांनीही ती रीत उचलली. क्षयावर औषध नव्हतं तेव्हा डॉक्टर हवापालट सांगत, आणि गरीब माणूस नुसता ऐकून घेई.

आता याच रस्त्यावरची एक गोष्ट सांगतो. केळझरहून वर्ध्याकडे निघालात की सेलू लागतं, पुढे पवनार. १९३८ साली विनोबा नालवाडीला होते. प्रकृती इतकी ढासळली होती की वजन ८८ पौंडांवर आलं. गांधीजींना काळजी वाटली. त्यांनी थंड हवेच्या ठिकाणी जाण्याचं सुचवलं. विनोबांनी निवडलं पवनार! वर्ध्याहून जेमतेम आठ-नऊ किलोमीटर. धाम नदीच्या काठच्या टेकाडावर जमनालाल बजाज यांचा बंगला होता, तिथे ते गेले. गांधीजींनी मान्यता दिली, पण एक अट घातली : कामाची सगळी चिंता मागे ठेवून जायचं.

तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला इथे थांबावंसं वाटतं. नदी ओलांडताना विनोबांनी संन्यासाच्या वेळचा त्यागाचा संकल्प तीनदा उच्चारला, असं त्यांनीच पुढे सांगितलं आहे. सोडायचं काय होतं? घर तर कधीच सुटलं होतं. सोडायचे होते ते विचार : संस्थांचे, माणसांचे, उद्याचे. आणि मग ते पडून राहिले का? नाही. रोज थोडं खोदकाम सुरू केलं. पहिल्या दिवशी काही मिनिटं, मग हळूहळू वाढवत नेलं. दहा महिन्यांत वजन सुमारे ४० पौंडांनी वाढलं. त्या जमिनीत जुनी शिल्पं निघाली. त्यांत राम-भरत भेटीचं एक शिल्प आहे, ते आजही आश्रमात पाहता येतं. मन रिकामं आणि हात कामात, हा त्यांचा उपचार. हवा बदलली असेल ती आठ-नऊ किलोमीटरांपुरतीच.

पण एवढ्यावर थांबलो तर गोष्ट अर्धीच राहील. ‘विसावा मनात असतो’ हे म्हणणं सोपं आहे आणि थोडं धोक्याचंही. विनोबांना कुणी तरी मोकळं केलं होतं, कुणी तरी घर दिलं होतं. गिरणीकामगाराला मोकळं कोण करणार? त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांना झगडावं लागलं. १८८४ मध्ये मागणी पुढे आली आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. आपण ज्याला सहज वीकेंड म्हणतो, त्याच्यामागे ही सहा वर्षं आहेत. गांधीजींनाही हा प्रश्न टोचत होता. १९२४ मध्ये शस्त्रक्रियेनंतर ते स्वतः जुहूच्या समुद्रकाठी विश्रांतीला राहिले होते. १९४६ मध्ये निसर्गोपचार गरिबांपर्यंत न्यायचा म्हणून त्यांनी पुण्याजवळच्या उरुळी कांचन या खेड्यात काम सुरू केलं.

आता आपलं केळझर. हीच एकचक्रा नगरी, अशी इथली श्रद्धा आहे. मी ती इतिहास म्हणून मांडत नाही, पण कथा विचार करण्यासारखी आहे. लाक्षागृहातून वाचलेले, थकलेले पांडव एका घरी आसऱ्याला राहतात. त्या घरावर बकासुराची पाळी येते. कुंती काय म्हणते? आपण ज्यांच्या घरी विसावलो त्यांचं संकट आपलंच. आणि भीम जातो. विसाव्याचं ऋण असतं, ते फेडावं लागतं, हे त्या कथेला ठाऊक आहे.

म्हणून या हिवाळ्यात दोन दिवसांचा बेत करा, जरूर करा. गणपतीच्या टेकडीवर सकाळच्या उन्हात बसा, पवनारला धामकाठी जा, कुणाच्या वावरात हुरडा खा. पण निघण्यापूर्वी दोन गोष्टी ठरवा. आपण मागे काय ठेवून जाणार आहोत? आणि आपल्या वाट्याचं काम त्या दोन दिवसांत कोण करणार आहे? याच दिवसांत आपल्या शिवारात कापूस वेचणाऱ्या बाया वाकलेल्या असतात. घरी सहलीचा डबाही बहुधा बाईच करते. तिचा रविवार कोणता, हे लोखंड्यांच्या लढ्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनीही आपण ठरवलेलं नाही. ते घराघरांतच ठरवावं लागेल.

इथे थांबतो. काही प्रश्न असतील तर अवश्य विचारा.