काकांची गिटार आणि रेडिओमागची दोन भोके

मंडळाच्या कपाटात एक कॅसेट आहे. तिच्यावर बॉलपेनने ‘गणेशोत्सव, हवाईयन गिटार’ एवढेच लिहिलेले. 1990 च्या आसपासची. वाजवणारे काका आता नाहीत. इंदुरातल्या आमच्या पिढीने त्यांना त्यांच्या घरी ऐकले आहे. मांडीवर आडवी गिटार, उजव्या हाताच्या बोटांत नख्या, डाव्या हातात पोलादी कांडी आणि नाट्यगीतातली ती लांब मींड. कॅसेटवर मात्र पत्र्याच्या डब्यावर तार ओढावी तसा आवाज येतो. त्या कार्यक्रमानंतर काका मंडळाच्या मंचावर बसले नाहीत. “आता हात राहिला नाही,” म्हणत. आम्ही शाळकरी पोरे, आम्हाला ते खरेच वाटले.

यंदा ती कॅसेट संगणकावर उतरवताना आम्ही तिचा आवाज नीट तपासला. पदविका इलेक्ट्रॉनिक्सची असूनही सरकारी नोकरीत आम्ही आयुष्यभर फायलीच हलवल्या, तेव्हा जुने शिक्षण एकदा तरी कामी आले म्हणायचे. दोष हाताचा नव्हता. पण तो कशाचा होता हे सांगायचे, तर थोडे मागे जावे लागेल.

गिटार हे मुळात घरगुती, हळू आवाजाचे वाद्य. आपल्या सतारीला शांत बैठक मिळाली; अमेरिकेत गिटारच्या वाट्याला ट्रम्पेट आणि ड्रमचा बँड आला. त्यात तिचे कोण ऐकणार? शिवाय 1925 पर्यंत ध्वनिमुद्रण भोंग्यासमोर बसून होई. त्या वर्षी मायक्रोफोनने मुद्रण सुरू झाले आणि हळू वाद्यांना तबकडीवर जागा मिळाली. मंचावरचा प्रश्न मात्र तसाच राहिला, कारण माइक गिटारबरोबर शेजारचा ड्रमही उचलतो, आणि समोरच्या भोंग्याचा आवाज परत माइकमध्ये शिरला की शिट्टी. ती शिट्टी आपल्या मंडपातही सर्वांच्या परिचयाची आहे.

यावर पहिला चालणारा तोडगा निघाला तो मांडीवरच्या हवाईयन गिटारसाठीच. कॅलिफोर्नियात जॉर्ज बोशां आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी 1932 मध्ये अॅल्युमिनियमची एक गिटार बाजारात आणली. आकारामुळे तिला ‘फ्राइंग पॅन’, म्हणजे चक्क तवा, हे नाव पडले. तारांभोवती नालेच्या आकाराचे चुंबक आणि खाली तांब्याच्या तारेचे वेटोळे. पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात वीज उमटते. पेटंट मिळाले ते थेट 1937 मध्ये. हा पिकअप हवेतला आवाज ऐकतच नाही, फक्त पोलादाची हालचाल जाणतो. म्हणून नायलॉनच्या तारेपुढे तो मुका, आणि लाकडाचा गोडवा त्याच्यापर्यंत फारसा पोचत नाही. पुढे गिब्सनने 1954 मध्ये जे-160ई या लाकडी गिटारला असाच पिकअप बसवला. बीटल्समधल्या लेनन आणि हॅरिसन यांनी 1962 मध्ये तीच घेतली.

दुसरी वाट स्फटिकाची. दाब पडला की काही स्फटिकांत वीज निर्माण होते, हे पियरे आणि झाक क्युरी या भावांनी 1880 मध्ये दाखवले होते. हा स्फटिक गिटारच्या अंगाला चिकटवता येतो किंवा घोडीखाली दाबून बसवता येतो. तारा कोणत्याही चालतात. हेलिकॉप्टर बनवणाऱ्या चार्ल्स कामनच्या ओव्हेशन कंपनीने घोडीखालचा पिकअप लोकप्रिय केला.

आपल्याकडे हवाईयन गिटार घराघरांत पोचली ती व्हॅन शिप्ले, सुनील गांगुली यांच्या सिनेगीतांच्या तबकड्यांमुळे. ब्रिजभूषण काबरांनी तिच्यावर राग वाजवले, आणि 1967 च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’नंतर तिला कोणी परकी म्हणेना. काकांची गिटार याच लाटेतली. तिच्या अंगाला एक स्फटिकाचा पिकअप चिकटवलेला होता आणि त्याची वायर जाई ती व्हॉल्व्हच्या मोठ्या रेडिओमागच्या दोन भोकांत. ती भोके ग्रामोफोनसाठी असत. त्या काळच्या ग्रामोफोनच्या सुईतही बहुधा स्फटिकच असे. त्यामुळे ही जोडणी सोयरीक जुळावी तशी जुळली.

स्फटिकाची धारिता फार कमी, 1 नॅनोफॅरड धरू. रेडिओच्या त्या भोकांचा अवरोध सुमारे 5 लाख ओहम. हिशेब केला तर सुमारे 320 हर्ट्झच्या खालीच आवाज हळूहळू उतरू लागतो, म्हणजे गिटारचे बरेचसे अंग शाबूत राहते. हाच पिकअप 50 हजार ओहमच्या माइकच्या खोबणीत घातला की उतार 3,200 हर्ट्झपासूनच सुरू होतो. गिटारचे मूळ स्वर बहुतेक सगळे त्याच्या खाली. उरते ती नखीची टकटक आणि कांडीची खरखर. त्या वर्षीच्या फोटोत काकांची वायर भाड्याने आणलेल्या मिक्सरच्या माइकच्या खोबणीत गेलेली स्पष्ट दिसते. मधे एक लहानसा प्रीअॅम्प्लिफायर हवा होता, बस्स.

कोणाला दोष द्यावा असे नाही. मिक्सरवाल्याला जेवढे ठाऊक होते तेवढे त्याने केले. पण काका ते स्वतःवर घेऊन बसले, आणि आम्ही एकानेही त्यांना “काका, घरी रेडिओवर लावून बघा” असे म्हटले नाही, ही रुखरुख आहे.

यंदा त्यांचा नातू तीच गिटार घेऊन बसणार आहे. मंचासाठी जुनाच पिकअप, पण मधे 10 लाख ओहमचा प्रीअॅम्प्लिफायर. मुद्रण वेगळे केले, सभागृहात, दुपारी, पंखे बंद करून. कंडेन्सर माइक गिटारच्या गोल भोकासमोर ठेवला तेव्हा नुसता घुमारा येत होता. मग तो मानेच्या बाजूला बाराव्या पडद्यासमोर, वीतभर अंतरावर सरकवला. भादव्यातल्या त्या उकाड्यात पोराने तीन नाट्यगीते वाजवली आणि शेजारच्या घरातून कुकरच्या दोन शिट्ट्याही आल्या. त्या तशाच ठेवल्या आहेत.

जुन्या कॅसेटचे मूळ स्वर थोडे वर आणता आले, पण बरोबर गुणगुणही वर आली. आपल्यापैकी कोणी काकांना त्यांच्या घरी टेपरेकॉर्डरवर टिपले असेल, तर ती कॅसेट कृपया आरतीनंतर मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावी. उतरवून दुसऱ्या दिवशी परत करू.