जुन्या स्पीकरचा वूफर: आवाज वाढवण्याआधी हे तपासा

गेल्या गणपतीत मखर काढताना माळ्यावर बाबांचे जुने स्पीकर सापडले. १९८०च्या दशकातली जोडी, लाकडी खोकी, प्रत्येकात ८ इंची वूफर. मी उत्साहात अ‍ॅम्प्लिफायरला जोडले, मोबाईल ब्लूटूथने कनेक्ट केला आणि थेट भरपूर बेस असलेलं गाणं लावून आवाज वाढवला. उजवा स्पीकर फडफडत होता, डावा खरखरत होता. मला वाटलं, बरीच वर्षं बंद होते, चालून चालून मोकळे होतील.

दहा मिनिटांनी डावा वूफर बंद पडला. समोरची जाळी काढली तेव्हा कळलं, कोनभोवतीचा फोम कुजून त्याचा काळा भुगा झाला होता. फोम कुजला हा वयाचा दोष. पण त्या अवस्थेत स्पीकर वाजवून कॉइल घालवली, तो दोष माझा.

तुमच्या घरीही असे स्पीकर असतील तर ही चूक करू नका. वूफर कसा तपासायचा, काय दुरुस्त होतं आणि नंतर काळजी कशी घ्यायची, ते बघूया.

वूफर काम कसं करतो?

वूफर म्हणजे स्पीकरमधला मोठा, खर्जाचे आवाज वाजवणारा भाग. त्याचे मुख्य भाग असे:

- कोन: समोर दिसणारा कागदाचा किंवा प्लास्टिकचा पसरट भाग. हा पुढे-मागे हलून हवा ढकलतो.
- व्हॉइस कॉइल: कोनच्या मागे चिकटवलेली तांब्याच्या तारेची गुंडाळी.
- मॅग्नेट: याच्या मधल्या अगदी अरुंद फटीत कॉइल हलते.
- स्पायडर: कोनच्या मागची घड्या घातलेल्या कापडाची चकती.
- सराउंड: कोनची बाहेरची कड फ्रेमला जोडणारी मऊ पट्टी. दुकानात तुम्ही ‘फोम’ म्हणालात तरी चालतं.

कॉइल फटीच्या बरोबर मध्ये ठेवण्याचं काम स्पायडर आणि सराउंड मिळून करतात. सराउंड फाटला की कोन एका बाजूला कलतो आणि कॉइल मॅग्नेटच्या लोखंडाला घासायला लागते. तारेवरचं इन्सुलेशन खरवडलं जातं, कॉइल शॉर्ट होते किंवा तुटते. माझ्या डाव्या वूफरचं हेच झालं.

मग एवढा नाजूक फोम वापरलाच का?

१९५४ मध्ये अमेरिकेत एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांच्या अकूस्टिक रिसर्च कंपनीने एआर-१ नावाचा स्पीकर आणला. त्याचं खोकं हवाबंद होतं आणि आतली हवाच कोनसाठी स्प्रिंगचं काम करायची. त्यामुळे लहान खोक्यातूनही खोल बेस मिळू लागला. पण त्यासाठी कोन सैल, लांबवर हलणारा हवा. पुढे १९७० आणि ८०च्या दशकांत हलका, लवचिक आणि स्वस्त असा पॉलियुरेथेन फोम खूप स्पीकरमध्ये आला.

अडचण एकच. हवेतल्या ओलाव्याने आणि उन्हाने हा फोम हळूहळू तुटत जातो. बऱ्याचदा १५-२० वर्षांत त्याचा चिकट चुरा होतो. स्पीकर वाजवा किंवा कपाटात ठेवा, फोम कुजतोच. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर त्याची आणखी परीक्षा असते.

सराउंड कशाचा आहे ते ओळखा

१. फोम: स्पंजसारखा, बारीक छिद्रांचा. बोटाने अगदी हलके दाबा. खळगा तसाच राहिला, बोटाला चिकटला किंवा भुगा पडला तर तो संपला. तेल, क्रीम, स्प्रे यांनी तो परत जिवंत होत नाही, बदलावाच लागतो.

२. रबर: गुळगुळीत आणि जरा जड. हा खूप टिकतो. ओलसर कापडाने पुसा, बस्स. थिनर किंवा पेट्रोल लावू नका.

३. कापड: बारीक घड्या असलेलं, वर लेप दिलेलं. हेही अनेक दशकं टिकतं. चकाकी आणायला त्यावर रंग किंवा फेव्हिकॉल थापू नका. कापड कडक झालं की बेस जातो.

चालू करण्याआधी चार तपासण्या

१. डोळ्यांनी: जाळी काढा आणि मोबाईलचा टॉर्च तिरका मारून सराउंडची पूर्ण गोलाई बघा. भेग दिसली तर इथेच थांबा, स्पीकर वाजवू नका.

२. हाताने: दोन्ही हातांची बोटं कोनवर समान अंतरावर ठेवून तो अगदी थोडा, सरळ आत दाबा. कान जवळ ठेवा. खर्र असा आवाज आला तर कॉइल घासतेय.

३. मल्टिमीटरने: वूफरच्या वायर सोडवून रेझिस्टन्स मोजा. ८ ओहमच्या वूफरला साधारण ५.५ ते ७ ओहम दिसतात, ४ ओहमच्या वूफरला ३ ते ४. काहीच रीडिंग नसेल तर कॉइल तुटली असेल किंवा कोनपर्यंत येणारी लवचिक वायर तुटली असेल. वायर असेल तर सोल्डर करून काम भागतं.

४. मोबाईलने: वरच्या तिन्ही तपासण्या पास झाल्या तरच ही करा. टोन जनरेटर अ‍ॅप घ्या, ३० हर्ट्झचा टोन लावा, अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज अगदी कमी ठेवा. कोन हलताना दिसेल, पण आवाज जवळजवळ येणार नाही. खरखर आली की लगेच बंद करा.

फोम बदलताना

उजव्या वूफरचा फोम मी घरीच बदलला. घाई नसेल तर जमण्यासारखं काम आहे.

- सगळ्यात आधी वायरिंगचा फोटो काढा. प्लस टर्मिनल कुठलं ते दिसलं पाहिजे. दोनपैकी एका स्पीकरच्या वायर उलट लागल्या तर दोघांचा बेस एकमेकांना मारतो.
- स्क्रू काढताना कोनवर पुठ्ठा धरा. मॅग्नेट स्क्रू ड्रायव्हर खेचून घेतो आणि कोनला भोक पडतं.
- नवीन फोम मागवण्याआधी मापं घ्या. नुसतं ‘८ इंची’ सांगून चालत नाही. कोनचा व्यास, फ्रेमचा आतला-बाहेरचा व्यास मिलीमीटरमध्ये मोजा. फोम कोनच्या पुढून चिकटवलाय की मागून, तेही बघा.
- फ्रेमवरचा जुना गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो. कागदी कोनवर मात्र हळूहळू, बोटाने घासूनच काढा.
- गोंद पांढरा, सावकाश वाळणारा आणि वाळल्यावर लवचिक राहणारा हवा. झटपट चिकटणारा गोंद वापरलात तर वाकडा बसलेला फोम सरळ करायला वेळच मिळत नाही.
- फोमची आतली कड आधी कोनला चिकटवा आणि रात्रभर वाळू द्या. मग बाहेरची कड फ्रेमला लावा. गोंद ओला असताना कोन हलका दाबून बघत राहा. घासतोय असं वाटलं तर फोम किंचित सरकवा. मध्यभागी आला की कपड्यांच्या चिमट्यांनी धरून ठेवा आणि २४ तास हात लावू नका.
- खोकं हवाबंद प्रकारचं असेल तर वूफर परत बसवताना त्याच्या खालचं गॅस्केटही नीट बसलं पाहिजे. हवा गळली की बेस गेला.

नंतरची काळजी

- स्पीकर थेट उन्हात किंवा ओल येणाऱ्या भिंतीला लावून ठेवू नका.
- धूळ मऊ ब्रशने झटका. व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, मधली टोपी आत-बाहेर होऊन चेपते.
- जाळी काढून ठेवू नका. लहान मुलांची बोटं आणि उंदीर, दोन्हींपासून ती वाचवते.
- अनेक वर्षं एकाच स्थितीत राहून जड कोन थोडा खाली झुकतो. वूफर कधी काढलात तर १८० अंशात फिरवून बसवा.
- नवीन फोमवर पहिले काही दिवस आवाज बेताचा ठेवा. फोनच्या इक्वलायझरमध्ये बेस वर खेचून ठेवला असेल तर तो आधी शून्यावर आणा.

दुरुस्त करावा की टाकावा?

फक्त फोम गेला असेल तर वूफर मेलेला नाही. कोन, कॉइल, मॅग्नेट सगळं मूळचंच राहतं आणि आवाजही बराचसा मूळचा परत येतो. कॉइल गेली तर मात्र ‘रिकोन’ करावं लागतं, म्हणजे कोन आणि कॉइल दोन्ही नवीन. मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात बुधवार पेठेच्या भागात चौकशी केली तर असं काम करणारे सापडतात. पण नवीन कोनचं वजन आणि ताठपणा जुन्यासारखा असेलच असं नाही.

माझा डावा वूफर रिकोन करून आणला. वाजतो छान. मी बाबांना काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनी त्यांची नेहमीची कॅसेट लावली, पाचेक मिनिटं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "डावीकडचा तबला जरा वेगळा लागतोय का रे?"

ती दहा मिनिटं मी आवाज वाढवला नसता तर हा प्रश्न आलाच नसता. म्हणून जुने स्पीकर सापडले की आधी जाळी काढा, टॉर्च मारा आणि मगच प्ले दाबा.