ॲना इव्हानोव्हना

(७ फेब्रुवारी १६९३ – २८ ऑक्टोबर १७४०). रशियाची सम्राज्ञी, कारकीर्द १७३० ते १७४०. (तारखा नव्या पंचांगाच्या, अठराव्या शतकात रशियन पंचांग ११ दिवस मागे असे.) पीटर द ग्रेट याचा सावत्र बंधू व काही काळ त्याच्यासह तख्तावर असलेला पाचवा इव्हान याची ही कन्या, जन्म मॉस्को येथे. चुलत्याने १७१० मध्ये तिचा विवाह बाल्टिक किनाऱ्यावरील कूरलँडचा ड्यूक फ्रीड्रिख व्हिल्हेल्म याच्याशी लावून दिला. परंतु वधूसह स्वदेशी निघालेला ड्यूक तीन महिन्यांच्या आतच वाटेत वारला, आणि राजकीय सोयीसाठी या तरुण विधवेस मिटाऊ (सांप्रत लाटव्हियातील येलगावा) येथे ठेवण्यात आले. तेथे खर्चास पैसा नाही, कारभारात मुखत्यारी नाही, पुनर्विवाहाची मोकळीक नाही, अशा स्थितीत तिच्या उमेदीचा काळ गेला. साहाय्यासाठी रशियातील आप्तांना तिने लिहिलेली काकुळतीची पत्रे उपलब्ध आहेत.

दुसरा पीटर हा बालसम्राट ३० जानेवारी १७३० रोजी, विवाहासाठी मुक्रर झालेल्या दिवशीच, देवीच्या रोगाने वारला आणि रोमानोव्ह घराण्याची पुरुषशाखा खुंटली. त्या वेळी सत्ता मुख्यतः गोलित्सिन व दोल्गोरुकोव्ह या दोन घराण्यांच्या हाती असलेल्या सर्वोच्च गुप्त परिषदेकडे होती. तिच्यातील व्यासंगी सभासद द्मित्री गोलित्सिन याने ॲनाचे नाव सुचविले, परंतु त्यासोबत एक करारनामाही सिद्ध केला. त्यातील कलमे अशी होती की, सम्राज्ञीने विवाह करू नये व वारस नेमू नये. आठ सभासदांच्या परिषदेच्या संमतीवाचून युद्ध वा तह करू नये, नवा कर बसवू नये, कर्नलच्या वरचा हुद्दा देऊ नये, गावे इनाम देऊ नयेत, राज्याचा वसूल खर्चू नये. सरदारांचे प्राण, मालमत्ता व प्रतिष्ठा चौकशीशिवाय हिरावून घेऊ नये. आणि यांपैकी काही न पाळल्यास राजमुकुटाचा हक्क गमवावा. ५ फेब्रुवारी रोजी मिटाऊ येथे ॲनाने यावर स्वाक्षरी केली. रशियाच्या अनियंत्रित राजसत्तेस लेखी मर्यादा घालणारा हा प्रयत्न विसाव्या शतकापूर्वीच्या रशियन राज्यघटनेच्या इतिहासात अनन्यसाधारण आहे, आणि प्रस्तुत नोंदीत त्यास इतकी जागा दिली आहे ती याच कारणास्तव.

हा प्रयत्न फसला, त्याचे मूळ कलमांत नसून ती गुप्तपणे रचण्यात होते. राजविवाहासाठी मॉस्कोत जमलेल्या सामान्य सरदारवर्गास ही वार्ता कळताच, एका स्वामीच्या जागी आठ स्वामी येणार, ही धास्ती त्यांच्या मनात बसली. त्यांनी स्वतःचे आराखडे तयार केले. ८ मार्च रोजी इतिहासकार तातिश्चेव्ह याने दरबारात वाचलेल्या अर्जात या आराखड्यांचा एकत्र विचार व्हावा, एवढीच मागणी होती. परंतु राजरक्षक पलटणींच्या अधिकाऱ्यांनी गलबला करून सम्राज्ञीच्या निरंकुश सत्तेचा आग्रह धरला आणि त्याच दिवशी कवी कान्तेमिर याने तशी विनंती करणारा दुसरा अर्ज वाचला. तेव्हा ॲनाने करारनामा आणवून सर्वांसमक्ष फाडला. तो फाटका कागद मॉस्कोच्या दफ्तरखान्यात आजही जतन केलेला आहे. परिषद बरखास्त झाली. गोलित्सिन १७३७ मध्ये श्ल्यूसेलबुर्कच्या कैदेत वारला.

सरदारांना जे हक्क म्हणून मिळाले नाहीत, ते पुढे सवलती म्हणून मिळाले. सर्व स्थावर एकाच पुत्रास देण्याचा पीटर द ग्रेटचा कायदा १७३१ मध्ये रद्द झाला. त्याच वर्षी सरदारपुत्रांसाठी सैनिकी विद्यालय निघाले. आजन्म राजसेवेचे बंधन १७३६ च्या अखेरच्या जाहीरनाम्याने २५ वर्षांवर आणले गेले. मंत्र्यांचे ‘कॅबिनेट’ १७३१ मध्ये स्थापन झाले आणि १७३५ मध्ये तिघा मंत्र्यांच्या सह्यांना सम्राज्ञीच्या सहीइतके मोल देण्यात आले. म्हणजे परिषदेने मागितलेल्या अधिकारापैकी बराचसा भाग मंत्र्यांकडे गेला, मात्र तो राजेच्छेने दिलेला व राजेच्छेने परत घेता येणारा होता. कारखान्यांतील कुशल कामगारांना १७३६ च्या हुकुमाने तेथेच कायमचे जखडण्यात आले.

उशाकोव्ह याच्या हाताखालील गुप्त कचेरीचे जुलूम, थकबाकीची सक्तीची वसुली व जर्मनांचे प्राबल्य यांचा दोष कूरलँडहून आलेला तिचा कृपापात्र बिरॉन याच्यावर टाकण्याचा प्रघात आहे. तो कितपत न्याय्य आहे, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. १७४० मध्ये बिरॉनचा विरोधक मंत्री व्होलिन्स्की याचा शिरच्छेद झाला.

परराष्ट्रकारभार ओस्टरमान व फौज म्यूनिख पाहत असे. पोलंडच्या वारसायुद्धात १७३४ मध्ये डँझिग घेतले. कॅस्पियनकाठचे प्रांत १७३२ व १७३५ च्या तहांनी इराणला परत दिले गेले. दुसरा तह ज्याच्याशी झाला, त्याच नादिरने चार वर्षांनी दिल्ली लुटली. तुर्कांशी झालेल्या युद्धात (१७३५–३९) लढाईपेक्षा रोगराईने व टंचाईने अधिक सैन्य खपले, आणि बेलग्रेडच्या तहाने तटबंदी पाडलेले ॲझॉव्ह तेवढे पदरात पडले.

बेरिंगची दुसरी कामचाटका मोहीम (१७३३–४३) याच कारकीर्दीत निघाली. नृत्यशाळाही १७३८ मध्ये स्थापन झाली.

१७४० च्या हिवाळ्यात नेवा नदीकाठी बांधलेल्या बर्फाच्या घरात, विदूषक बनविलेल्या एका गोलित्सिन सरदारास त्याच्या नववधूसह रात्र काढावयास लावले गेले.

मृत्यूपूर्वी तिने भाचीच्या तान्ह्या मुलास, सहाव्या इव्हानला, वारस व बिरॉनला राजप्रतिनिधी नेमले. सुमारे तीन आठवड्यांतच म्यूनिखने बिरॉनला अटक केली.